स्त्रियांचे काम, स्त्रियांचे शिक्षण आणि त्याचा खर्च



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी विद्वान नाही. माझी शाळा आठवीला सुटली. पुढे जे काही वाचले ते नगर वाचनालयाच्या बाकावर बसून. कायदा शिकलो तो रद्दीच्या दुकानातून आणलेल्या जुन्या पुस्तकांतून, आणि राहिलेला मालकांच्या वकिलांनी माझी जी फजिती केली तिच्यातून. तीस वर्षे कामगारांच्या संघटनेत काढली आहेत. तेवढ्या शिदोरीवर बोलणार आहे. कोठे तोल गेला तर सांभाळून घ्यावे, अशी आरंभीच विनंती करतो.

चिटणीसांनी मला विषय दिला तो असा: स्त्रियांनी नोकरीत, कामाच्या शिक्षणात आणि पुढच्या शिक्षणात यावे म्हणून सरकारने काय करावे? विषय मोठा आहे. मी त्यातला एकच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवणार आहे. स्त्री कामावर येते तेव्हा काही खर्च उभा राहतो: बाळंतपणाचा, पाळणाघराचा, जाण्यायेण्याचा, शिकण्याचा. हा खर्च कोणी सोसायचा? माझ्या मते या एका प्रश्नाच्या उत्तरावर बाकीचे सारे अवलंबून आहे.

माझे लहानपण सोलापुरात गेले. आई घरी विड्या वळत असे. कारखान्याच्या शाखेतून पान आणि तंबाखू आणायची, रात्री पाने भिजत घालायची, सकाळी कात्रीने कापायची आणि दिवसभर सूप मांडीवर घेऊन वळत बसायचे. हिशेब हजारावर. शाखेत तपासणारा माणूस त्यातल्या काही विड्या नापास म्हणून बाजूला काढी आणि त्यांचे पैसे मिळत नसत. एकटीच्या हाताने हजार पुरे होत नाहीत असे दिसले तेव्हा आईने अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, पाचवीतून काढून शेजारी बसवले. अक्का माझ्यापेक्षा हुशार होती. पाढे तिला एकोणतीसपर्यंत तोंडपाठ होते आणि मी सतराला अडखळत असे. तरी शाळेतून काढले ते तिला. आईचा यात दोष होता असे मी म्हणणार नाही. तिच्यापुढे पोटाचा हिशेब होता आणि त्या हिशेबात मुलीची शाळा हीच खर्चाची पहिली बाब ठरली, जी कमी करता येते. मी आठवीपर्यंत शिकलो, पुढे वाचत राहिलो, त्या दिव्याचे रॉकेल अक्काच्या बोटांनी आणलेले होते. हे ऋण मी पुष्कळ वर्षे बोलून दाखवले नाही. आज बोलतो, कारण आजचा विषय तोच आहे.

याच अक्काची मुलगी, माझी भाची, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गेली. आपल्या राज्यात या संस्थांतून मुलींसाठी शेकडा ३० जागा राखून ठेवलेल्या आहेत. तिने वीजतंत्रीचा अभ्यासक्रम घेतला, पास झाली, आणि एका कारखान्यात उमेदवारीला लागली. घरात पेढे वाटले. चौथ्या महिन्यात तिने काम सोडले. मी रागावून विचारले, "का ग? जागा मिळाली, शिकलीस, आणि आता घरी बसतेस?" ती म्हणाली, "मामा, भोंगा सातचा आहे आणि पहिली बस तिथे पावणेआठला पोचते. मुलांच्याकडे फटफट्या आहेत. मी तीन महिने कोणाच्या ना कोणाच्या मागे बसून गेले. मग लोक बोलू लागले आणि बाबांनी बंद केले."

मी गप्प झालो. कारण त्याच औद्योगिक वसाहतीत माझी युनियन होती. त्या वर्षी आम्ही बारा मागण्यांचे पत्रक काढले होते. बोनस होता, महागाई भत्ता होता, गणवेश होता. सकाळच्या बसची मागणी त्यात नव्हती. ती आम्हांला सुचलीच नाही, कारण ते पत्रक लिहिणारे आम्ही सातही जण फटफटीवरून येणारे होतो. त्यानंतर आम्ही अर्ज केले, खेटे घातले, आणि दीड वर्षाने बसची वेळ बदलून घेतली. आज त्या बसने मुली कामाला जातात. माझी भाची त्यांत नाही. तोपर्यंत तिचे लग्न होऊन गेले होते.

मंडळी, या गोष्टीत सरकारने काही केले नाही असे कोणाला म्हणता येईल काय? जागा राखून ठेवल्या, संस्था काढली, मास्तर नेमले. तिच्या शिक्षणावर सरकारचे पैसे खर्च झाले आणि पाऊण तासाच्या फरकाने सगळे वाया गेले. साखळीची एक कडी निसटली म्हणजे बाकीच्या कड्या कितीही मजबूत असल्या तरी त्यांचा उपयोग होत नाही.

आता खर्चाच्या प्रश्नाकडे वळतो, आणि त्यासाठी आपल्याला थोडे मागे, मुंबईच्या गिरण्यांकडे जावे लागेल. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतून सुमारे पाचांत एक कामगार स्त्री होती. रिळे भरणे, सूत गुंडाळणे ही खाती बायकांची समजली जात. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल मांडले. ते नामंजूर झाले. पुढे मुंबई इलाख्याने १९२९ साली तसा कायदा केला. अशा प्रकारचा हिंदुस्थानातला तो पहिला कायदा. त्यावर १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कौन्सिलात जी चर्चा झाली तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मुद्दा मांडला होता. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मालकाला त्यांनी मोकळे सोडले नाही. पण सगळा बोजा एकट्या मालकावर टाकून सरकारने बाजूला होऊ नये, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

कायदा झाला तो मालकाच्या खिशावर बोट ठेवून. मग काय झाले? बाई ठेवली तर भत्ता द्यावा लागतो, पुरुष ठेवला तर द्यावा लागत नाही, हा हिशेब मालकांना कळायला वेळ लागला नाही. त्याच सुमारास बायकांच्या खात्यांत नवी यंत्रे आली. रात्रपाळीला बायकांना कायद्याने मनाई होती. या सर्व कारणांनी मिळून गिरण्यांतल्या स्त्रिया कमी होत गेल्या आणि १९७० च्या सुमारास त्यांचे प्रमाण शेकड्यात अगदी थोड्यांवर येऊन ठेपले. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या स्त्रियांनी गिरणीतल्या बायकांची बाजू घेऊन लढे दिले. पण आमच्या संघटनांतल्या पुरुष पुढाऱ्यांनी या गळतीविरुद्ध जेवढे रान उठवायला हवे होते तेवढे उठवले नाही. पुरुषाची नोकरी ही घराची नोकरी आणि बाईची नोकरी ही जोडीची, असे आम्ही मनातून मानत आलो. हा दोष माझ्या पूर्वसुरींचा आहे तसा माझाही आहे.

याच्या उलट दुसरे उदाहरण पाहा. १९४८ साली कामगार राज्य विमा योजनेचा कायदा झाला. त्याची आखणी प्रा. आडारकरांच्या १९४४ च्या अहवालात झालेली होती. या योजनेत मालक प्रत्येक विमेदार कामगारामागे पगाराच्या काही टक्के वर्गणी भरतो आणि कामगारही थोडी भरतो. २०१९ च्या जुलैपासून मालकाची वर्गणी शेकडा सव्वातीन आणि कामगाराची पाऊण आहे. कामगार स्त्री असो की पुरुष, वर्गणी तीच. बाळंतपणाची रजा घेणाऱ्या बाईला पगार मिळतो तो या सामाईक निधीतून. म्हणजे मालकाने बाईला नोकरी नाकारली तर त्याचा एक पैसाही वाचत नाही. याला मी शहाणा कायदा म्हणतो. त्यात उपदेश नाही. मालकाच्या स्वार्थाची वाटच त्याने बदलून टाकली आहे.

२०१७ साली बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. निर्णय चांगला, मी त्याचे स्वागत केले. पण जेथे विमा योजना लागू नाही तेथे या २६ आठवड्यांचा पगार एकट्या मालकाने द्यायचा आहे. एका लहान कारखानदाराने मला उघड सांगितले, "अहो, मला बायकांचे काम आवडते. पण दोघींची रजा एका वर्षी आली तर माझे दुकान बसेल. म्हणून मी लग्नाच्या वयाची मुलगी घेतच नाही." माणूस दुष्ट नव्हता. १९२९ सालच्या मालकाचाच हिशेब तो २०१७ नंतर करीत होता. आणि ज्यांना मालकच नाही, त्यांचे काय? शेतावर रोजाने जाणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, टोपली घेऊन भाजी विकणारी, घरी विड्या वळणारी, या बायकांना पहिल्या बाळंतपणाला सरकारी मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात. एकीला सहा महिन्यांचा पुरा पगार आणि दुसरीला पाच हजार. मूल दोघींचेही नऊ महिन्यांनीच होते.

पाळणाघराची गोष्टही अशीच आहे. जुन्या कारखाना कायद्यात कलम होते की तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर ठेवावे. कलम चांगल्या हेतूचे होते. मी असे कारखाने पाहिले आहेत की ज्यांच्या हजेरीपटावर बायकांचा आकडा अठ्ठावीस-एकोणतीसच्या पुढे कधी सरकलाच नाही. तिसाव्या बाईला काम मिळाले नाही ते पाळणाघराच्या कलमामुळे. २०१७ च्या दुरुस्तीने ही चूक सुधारली. एकूण ५० कामगार असले, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, तर पाळणाघर हवे, असे ठरले. २०२५ च्या नोव्हेंबरात ज्या चार कामगार संहिता अमलात आल्या त्यांतही मोजणी याच तत्त्वावर आहे. त्या संहितांतल्या इतर कित्येक गोष्टींशी माझे भांडण आहे, पण हे तत्त्व बरोबर आहे. मूल बाईचे एकटीचे नसते, तेव्हा त्याच्या पाळण्याची मोजणी एकट्या बायकांवरून का व्हावी? तरीही पन्नासपेक्षा लहान कारखान्यांचा प्रश्न उरतोच, आणि आपल्या गावांतून बहुसंख्य कारखाने लहानच आहेत.

कोणी म्हणेल, अंगणवाडी आहे ना? आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ही योजना सुरू झाली आणि आज खेड्यापाड्यांत ती पोचली आहे. पण अंगणवाडी दुपारी बंद होते आणि कारखाना संध्याकाळी सुटतो. मधल्या तासांत मुलाला कोण पाहणार? थोरली बहीण. म्हणजे पुन्हा एका अक्काची शाळा सुटणार! शिवाय ज्या सेविका ही अंगणवाडी चालवतात त्यांना सरकार नोकर म्हणत नाही. त्यांच्या पगाराला मानधन असे गोड नाव आहे. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. स्त्रियांना कामावर आणू इच्छिणाऱ्या सरकारने आधी आपल्याच कामावरच्या स्त्रियांना कामगार म्हणावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता आपण नागरिक मंडळी म्हणाल, हा सगळा खर्च सरकारने करायचा म्हणजे आम्हीच करायचा. खरे आहे. म्हणूनच मी आपल्याला आपल्या राज्याचीच एक गोष्ट आठवण करून देतो. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली. वि. स. पागे यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि स्त्रीपुरुषांना एकच दर. या कामांवर बायका हजारोंनी आल्या. पुरुष कामाच्या शोधात शहराकडे गेला तरी बाईला गावाजवळ काम मिळू लागले. बांधावर पाळणाघर ठेवायचे असे नियमात होते. ते पुष्कळदा कागदावर राहिले आणि मुले आईच्या नजरेसमोर धुळीत खेळली. हा दोष मान्य करूनही मी म्हणेन की ती योजना मोठी होती. आणि तिचा पैसा कोठून आला? शहरातल्या पगारदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसला तो या कामासाठी. आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर जी कपात दिसते तिचा उगम हा आहे. शहरातल्या कारकुनाने खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला हातभार लावला आणि त्याने कोणी भिकेला लागले नाही. खर्च सगळ्यांवर वाटला म्हणजे तो कोणालाच जड होत नाही.

शिक्षणाच्या बाबतीत आपण याहून पुढे आलो आहो. सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली भिडेवाड्यात शिकवायला सुरुवात केली तेव्हा अंगावर शेण झेलले. रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांना, विधवांना शिकवून शिक्षिका आणि परिचारिका बनवले. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले. हे बरेचसे लोकांच्या वर्गणीतून झाले. आज सरकारनेच तो भार घेतला आहे. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून ज्या कुटुंबांचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्यांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पूर्वी ती निम्मी माफ होती. २०२३ च्या मार्चपासून एसटीला स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. २०२४ पासून पात्र बहिणींच्या खात्यावर महिना १,५०० रुपये जमा होऊ लागले. त्या पंधराशेला मी नावे ठेवणार नाही. ज्या घरात पंधराशेने गॅसची टाकी आणि मुलाचे औषध येते त्या घरात मी वाढलो आहे. पण त्या पैशाने पाळणाघर विकत मिळत नाही, आणि सातच्या भोंग्याला पोचणारी बसही मिळत नाही. त्या गोष्टी एकट्याने विकत घेण्याच्या नसतात, त्या मिळून उभ्या कराव्या लागतात.

आणखी एक वर्ग आहे, ज्याला आपण विसरतो. शाळा सुटून वीस-तीस वर्षे झालेल्या बायका. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले आणि ज्यांची दहावी झालेली नाही अशांनाही पूर्वतयारीची वाट त्याने मोकळी केली. आमच्या युनियनमधल्या एका सफाई कामगार बाईंनी या वाटेने पदवी घेतली. मी त्यांना विचारले, सर्वांत अवघड काय गेले? मला वाटले, इंग्रजी म्हणतील. त्या म्हणाल्या, "दादा, अवघड काही नव्हते. बसायला वेळ नव्हता." प्रौढ स्त्रीला फी माफ केली तरी वेळ कोण माफ करणार?

वेळेवरून आणखी एक कबुली देतो. आमच्या सभा वर्षानुवर्षे रात्री नऊला होत. बायका येत नाहीत, त्यांना संघटनेची गोडी नाही, असे आम्ही एकमेकांत म्हणत असू. एकदा एका मावशींनी मला भर रस्त्यात ऐकवले, "भाऊ, तुमची सभा नऊला आणि माझ्या भाकरीही नऊला. तुम्ही या, माझ्या भाकरी भाजा, मी जाते सभेला." पुढच्या महिन्यापासून सभा दुपारच्या सुटीत कारखान्याच्या दाराशी घेऊ लागलो. पहिल्याच सभेला बायका पुरुषांच्या बरोबरीने आल्या आणि त्यांनी मांडलेला पहिला प्रश्न संडासाच्या दाराला कडी नसल्याचा होता. बारा मागण्यांच्या पत्रकात तोही कधी नव्हता.

सरकारी पाहणी सांगते की पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या स्त्रिया २०१७-१८ साली शेकडा २३ होत्या, त्या २०२३-२४ साली जवळजवळ ४२ झाल्या. आकडा वाचून आनंद होतो. पण काम करणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्त्रिया घरच्याच शेतावर किंवा दुकानात बिनपगारी राबतात, हेही तीच पाहणी सांगते. माझी अक्का आईशेजारी बसून विड्या वळत होती तेव्हा तीही अशीच होती. वहीवर नाव आईचे होते.

तेव्हा मागणे काय? चारच गोष्टी सांगतो. बाळंतपणाचा पगार विमा योजनेप्रमाणे सामाईक निधीतून द्यावा आणि मालक नसलेल्या बायकांनाही त्यात घ्यावे. पाळणाघर प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आणि प्रत्येक वॉर्डात असावे, पाळीच्या वेळेप्रमाणे उघडे असावे, आणि त्याचा खर्च लहानमोठ्या सर्व कारखान्यांनी, नगरपालिकेने आणि सरकारने वाटून घ्यावा. प्रशिक्षण संस्थेचे यश किती मुली पास झाल्या यावरून न मोजता वर्षानंतर किती मुली कामावर टिकल्या यावरून मोजावे, म्हणजे बसची वेळ आपोआप कोणाच्या तरी काळजीचा विषय होईल. आणि शिकणाऱ्या कामकरी स्त्रीला आठवड्याला दोन तास पगारी सवलत द्यावी.

यातल्या तीन गोष्टींना मुंबई-दिल्लीची मंजुरी लागेल. पण एका वॉर्डातले एक पाळणाघर या सभागृहात बसलेल्या मंडळींनी मनावर घेतले तर पुढच्या वसंतापर्यंत सुरू होऊ शकेल. त्यासाठी नगरपालिकेकडे मागणी न्यायची असेल तर मी आपल्याबरोबर येईन. अर्ज लिहिण्याची सवय मला आहे.

अक्का आता साठीला आली आहे. मी आज येथे बोलणार आहे हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बोल, पण लांबवू नकोस. बायकांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो." तिची आज्ञा मोडण्याची माझी छाती नाही.